गुलाबी गल्लीत शोधा

कच्च.

सकाळपासून घर इतकं शांत होतं की मला आधीच संशय यायला हवा होता. लेकरू गप्प आहे म्हणजे कुठेतरी उद्योग चालू आहे, हे कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. पण मी त्या शांततेचा फायदा उपटत होते. सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालून झाले होते, डबा भरून झाला होता, आता ओट्याला टेकून चहाचे दोन घोट घ्यावेत म्हणून कप उचलला आणि बाथरूममधून तो आवाज आला. कात्रीचा. मग पुन्हा एकदा, जरा दबकत. कच्च.

भिंगरी पालथ्या बादलीवर आरशासमोर उभी होती. एक वेणी खांद्यावर, दुसरी हातात.

"आता दुखणार नाही," ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली. "तू रोज ओढतेस ना, म्हणून."

रागवायलाही वेळ लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. मी कात्री हातात घेतली, उरलेली वेणी कापली आणि जमेल तसं डोकं सारखं केलं. सारखं करता करता केस आखूड होत गेले. एक बाजू बरोबर झाली की दुसरी लांब वाटायची. शेवटी कानांच्या पाळ्या आणि मानेची कोवळी खोबण उघडी पडली. बाळ असताना होती ना, अगदी तशी दिसायला लागली. मी त्या खोबणीचा पापा घेतला. ती खिदळली.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता. काळा चष्मा लावून त्या पलंगावर बसून असायच्या. भिंगरी जाऊन त्यांना चिकटली तशी त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला.

"अगं बाई, हे कुणाचं पोर आणलंस घरात?"

"मीच आहे आजी!"

"पोरीची जात, आणि हे काय करून ठेवलंस गं तिचं? शाळेत काय म्हणतील?"

"म्हणतील उवा झाल्या होत्या," मी म्हटलं. "म्हणू देत."

तेवढ्यात फोन. पाळणाघरवाल्या मावशींना ताप भरला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा. शाळेला सुट्टी, आणि नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. सासूबाईंच्या भरवशावर भिंगरीला सोडणं म्हणजे भिंगरीच्या भरवशावर सासूबाईंना सोडणं. तिला बरोबर नेण्यावाचून इलाज नव्हता. तिचे धुतलेले फ्रॉक दोरीवर ओले होते, म्हणून नणंदेच्या मुलाचे लहान झालेले कपडे काढले. निळा टी-शर्ट, त्याच्यावर माती खोदायचं पिवळं मशीन, आणि करड्या रंगाची अर्धी पँट. भिंगरी हरखलीच. त्या पँटला खिसे होते. तिच्या एकाही फ्रॉकला खरा खिसा नाही. एकाला आहे तो शिवून बंद केलेला, नुसता दाखवायचा. तिने एका खिशात रंगीत खडू कोंबले, दुसऱ्यात बिस्किटं, आणि दोन्ही खिशांत हात घालून माझ्या पुढे चालायला लागली.

आमचं दुकान म्हणजे एक अवाढव्य हॉल. सुईपासून सायकलीपर्यंत सगळं एका छताखाली. माझं काम रॅक लावायचं. कुठल्या रॅकच्या कुठल्या फळीवर काय, कुठल्या वस्तूचं तोंड कुठे, हे आम्ही ठरवत नाही. त्याचा नकाशा वरून येतो. दर हंगामाला नवा. पण नकाशे कितीही बदलोत, गल्ल्या त्याच. हो, दोन रॅकमधल्या वाटेला आम्ही गल्लीच म्हणतो. दारातून आत आलं की डावीकडे गुलाबी गल्ली, उजवीकडे निळी. त्यांच्या मागे आयांची गल्ली: साबण, पोछे, डबे. अगदी टोकाला बाप्यांची गल्ली: हातोड्या, पाने, ड्रिल मशीनं, गाडी पुसायची फडकी. घरातली फडकी आयांच्या गल्लीत आणि गाडीची बाप्यांच्या. कापड एकाच ठाणातलं, मी दोन्ही खोकी फोडलेली आहेत.

खेळण्यांचंही तेच. डॉक्टरच्या खेळातली ती कानात घालायची नळी दोन्ही गल्ल्यांत आहे. निळ्या खोक्यावर डॉक्टर, गुलाबी खोक्यावर नर्स. नळी एकच. गुलाबी गल्लीत एवढीशी केरसुणी, एवढीशी इस्त्री, एवढासा पाळणा. तिथून सरळ चालत गेलं की आयांच्या गल्लीत तेच सगळं मोठं होऊन उभं. मध्ये एक वळणसुद्धा नाही.

गिऱ्हाईक विचारतं, "पाच वर्षांच्या मुलासाठी काही दाखवा ना," म्हणजे मूल या अर्थाने, आणि आमच्या तोंडून आपोआप निघतं, "मुलगा की मुलगी?" उत्तर येईपर्यंत हात अर्धा उठलेला असतो. मुलगी म्हटलं की डावीकडे, मुलगा म्हटलं की उजवीकडे. वाहतुकीच्या हवालदारासारखं. माझ्याबरोबर रॅक लावणारी चष्मेवाली तर म्हणते, "मला झोपेत कुणी विचारलं तरी माझा हात उठतो. नवऱ्याच्या नाकावर बसला होता एकदा."

पोरं हरवली तरी आमची हीच रीत. एवढ्या मोठ्या दुकानात पोरं हरवतातच, जवळपास रोज एखादं. रडकुंडीला आलेली आई काउंटरला आली की पहिला प्रश्न तोच, मुलगा की मुलगी. मग सुपरवायझर बाई नुसतं म्हणतात, "गुलाबी गल्लीत बघा," किंवा "निळी बघा," आणि पोर तिथेच सापडतं. बाहुलीसमोर नाहीतर मोटारीसमोर तोंड उघडं टाकून उभं. आया हसतात, डोळे पुसतात, पोराला एक धपाटा घालतात. आम्हीही हसतो. रीत बरोबर चालते म्हणूनच तर ती रीत.

सकाळी आम्ही मागच्या दाराने आलो तेव्हा सुपरवायझर बाईंनी माझ्याआड लपलेल्या भिंगरीकडे धड न बघताच कपाळावर हात मारला होता. "हे पाळणाघर नाही हं. आजच्या दिवस. आणि स्टाफरूमच्या बाहेर पाऊल नको." त्या घाईतच होत्या, नवीन नकाशा आला होता, अर्ध्या गल्ल्या रिकाम्या करून पुन्हा लावायच्या होत्या. मागच्या बाजूला नवे रॅक ठोकायला बाहेरचे मिस्त्री आले होते. सगळीकडे रिकाम्या खोक्यांचे ढीग. मी भिंगरीला स्टाफरूममध्ये स्टुलावर बसवलं, कागद दिला, आणि सांगितलं, इथून हलायचं नाही. तिने मान हलवली. घरात ती बडबडून डोकं उठवते, पण परक्या ठिकाणी तिच्या तोंडाला कुलूप लागतं. नुसती मान. हो, नाही, हो.

दोनदा डोकावून आले. एकदा ती घर काढत होती, एकदा बिस्कीट खात होती. तिसऱ्यांदा गेले तर स्टूल होतं, कागद होता, खडू जमिनीवर लोळत होते.

अजून हरवली असं मनात आलं नव्हतं. बाथरूममध्ये पाहिलं, लॉकरांच्या मागे पाहिलं. मग बाहेर आले, आणि माझे पाय मला न विचारताच डावीकडे वळले. गुलाबी गल्ली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी धावत गेले, परत आले, खालच्या फळ्यांवर वाकून पाहिलं. पाळण्यांच्या मागे, बाहुल्यांच्या घरात. बाहुल्या सगळ्या एका दिशेला तोंड करून बसलेल्या. मीच बसवल्या होत्या तशा.

मी धावतच काउंटरशी पोचले.

"माझी मुलगी," मी म्हटलं. "माझी मुलगी नाहीये. स्टाफरूममध्ये नाहीये."

"गुलाबी गल्लीत बघा," सुपरवायझर बाई वर न पाहताच म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. "अगं, तुझी? तरी मी सांगत होते. बरं, बरं, बस. रडू नकोस. फोटो आहे?"

फोन उघडायचीसुद्धा गरज नव्हती. तो हातात घेतला की समोर भिंगरीच. वाढदिवसाचा फोटो, गुलाबी फ्रॉक, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. मी फोन पुढे केला. माईकवालीने तो बघितला आणि लगेच बटण दाबलं.

"लक्ष द्या. एक लहान मुलगी हरवली आहे. वय अंदाजे पाच. अंगात गुलाबी फ्रॉक, दोन वेण्या. कोणाला दिसल्यास कृपया काउंटरला घेऊन यावे."

नाव ती घेत नाही. नाव माईकवर सांगितलं की कोणीही त्या नावाने हाक मारून पोराला नेऊ शकतं, म्हणून तसा नियमच आहे. चष्मेवालीने माझ्या हातातून फोन घेऊन तो फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. क्षणात सगळ्या खिशांतून टिंग टिंग वाजलं. सगळ्यांनी फोटो पाहिला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि सगळे पांगले. मला त्यांचा इतका आधार वाटला म्हणून सांगू! एवढी माणसं, एवढे डोळे. मी त्यांच्याबरोबर धावत होते. कपड्यांच्या दालनात, फ्रॉकांच्या गोल स्टँडच्या आत, टिकल्या-क्लिपांच्या कोपऱ्यात, कपडे घालून बघायच्या खोल्यांत. प्रत्येक दाराखालून वाकून. पावलं दिसायची, मोठ्या बायकांची.

माईक पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. एक म्हातारी गिऱ्हाईक माझा हात धरून म्हणाली, "सापडेल हं. गोड आहे गं पोर. त्या फ्रॉकात तर लांबूनच ओळखू येईल."

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माणूस घाबरलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं तेच खरं धरून चालतं. माझ्या डोळ्यांसमोर फोनमधलीच भिंगरी होती.

पळत दारापाशी गेले. पहारेकरीकाका दार अडवून उभे होते. भला माणूस; पाय दुखतात तरी कधी खुर्चीत बसलेला पाहिला नाही.

"काळजी करू नकोस, पोरी," ते म्हणाले. "घोषणा झाल्यापासून इथून एकही मुलगी बाहेर पडू दिलेली नाही. एक होती, तिची आई जाऊ दे म्हणून भांडली, तरी फोटोशी ताडून बघितली. पोरं गेली दोन-चार, आपापल्या बापांबरोबर. मुलगी एकही नाही."

"पोरं?"

"मुलगे गं. आत्ताच एक गेला, निळ्या शर्टातला. बापाचं बोट धरून. झोपेला आला होता बिचारा."

आता पडला उजेड. निळा शर्ट. करडी पँट. बाथरूमच्या फरशीवर पडलेल्या दोन वेण्या. मी सकाळी माझ्या हातांनी ती मान उघडी केली होती, तिचा पापा घेतला होता, आणि आत्ता, सगळ्या जगाला, मी दुसरंच पोर शोधायला सांगितलं होतं.

"काका, ती… तिने निळाच शर्ट घातलाय. तिचे केस कापलेत!"

"कोणाचे?"

"माझ्या मुलीचे! कुठल्या बाजूला गेला तो माणूस?"

त्यांनी बोट दाखवलं आणि मी पार्किंगकडे सुटले. चपलेचा अंगठा तुटला, ती टाकली. गाड्यांच्या रांगांमधून, "भिंगरी! भिंगरी!" लांब एक माणूस गाडीचं दार उघडत होता. त्याच्या खांद्यावर पोर, निळी पाठ, आखूड केस, मान एका बाजूला पडलेली. झोपलेली. की झोपवलेली? माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. मी जाऊन त्याच्या खांद्यावरून ते पोर ओढलं.

पोर जागं झालं आणि भोकाड पसरलं. गोल चेहरा, चपटं नाक. परकं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तो माणूस ओरडला. त्याने मुलाला छातीशी घट्ट दाबून धरलं होतं. "काय करताय? कोण आहात तुम्ही?"

"माझी मुलगी…" मी म्हटलं.

"हा मुलगा आहे! दिसत नाही?"

दिसत होतं. मी हात जोडले, काहीतरी बोलले, आणि एका पायात चप्पल तशीच परत पळाले. त्याच्या आधी किती जण आपापल्या बापाचं बोट धरून गेले होते, कोण जाणे. पहारेकरीकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला काय माहीत गं… मी मुलगी बघत होतो."

काउंटरशी मी एका दमात सगळं सांगितलं. माईकवाली गोंधळली. "म्हणजे नक्की काय सांगू? मुलगा की मुलगी?"

"मुलगी! पण मुलासारखी… निळा टी-शर्ट, अर्धी पँट, केस आखूड, अगदी आखूड."

"अगं मग फोटो कशाला दिलास तो?" सुपरवायझर बाई कळवळून म्हणाल्या.

दुसरी घोषणा झाली, पण ती मलाच परकी वाटली. "आधी सांगितलेल्या मुलीने निळा टी-शर्ट घातला आहे." बस. लोकांनी क्षणभर मान वर केली आणि पुन्हा वेण्यांकडे बघायला लागले. मी पाहिलं ते. एका तरुण बाईने शेजारून चाललेल्या लांब केसांच्या मुलीचा चेहरा निरखला. तिच्या दुसऱ्या बाजूने आखूड केसांची दोन पोरं पळत गेली, त्यांच्याकडे तिचं लक्षही गेलं नाही.

निळी गल्ली. मोटारी, बंदुका, क्रेन. नाही. सायकली. नाही. मी प्रत्येक लहान मानेकडे बघत होते. मागून, फक्त मानेकडे. आखूड केसांच्या मुली या जगात इतक्या कमी कशा, आणि आखूड केसांचे मुलगे इतके कसे?

मग मागच्या बाजूने तो आवाज आला. घरघर, मग दाबल्याचा एक जड हुंदका, मग पुन्हा घरघर. पुठ्ठे दाबायचं मशीन.

नकाशा बदलायच्या दिवशी ते मशीन थांबत नाही. रिकामी खोकी आत टाकायची, वरून लोखंडी पाट खाली येतो, आणि खोक्यांची चपटी थप्पी होते. लहान मुलांना खोकी आवडतात. घरी टीव्हीचं खोकं आलं तेव्हा भिंगरी चार दिवस त्यातच राहत होती. त्यातच जेवली, त्यातच झोपली.

"बंद करा!" मी धावत ओरडत गेले. "मशीन बंद करा!"

पुठ्ठेवाला घाबरून मागे सरला. त्याने लाल बटणावर हात मारला. लोखंडी पाट अर्ध्यावर थांबला.

"काय झालं ताई?"

"खोक्यांत कोणी होतं का? आत बघून टाकलीस का तू?"

"बघितलं ना. घोषणा ऐकली तसं बघून बघून टाकतोय. गुलाबी काही दिसलं नाही हो."

गुलाबी काही दिसलं नाही. मी मशीनच्या तोंडात हात घातला. तो "ताई, ताई" करत राहिला, मी पुठ्ठे ओढून काढत राहिले. कडा हाताला कापत होत्या. वरचे निघाले, खालचे दाबून एकजीव झालेले. त्यांच्यात निळं काहीतरी दिसलं. मी किंचाळले. छपाई होती, कसल्यातरी साबणाची.

"त्या थप्प्या फोड," मी बाजूला रचलेल्या, पट्ट्यांनी आवळलेल्या थप्प्यांकडे बोट दाखवून म्हटलं.

"ताई, त्यात काय असणार? तसं काही असतं तर…"

"फोड म्हणते ना!"

चष्मेवाली माझ्या मागून येऊन मला धरायला बघत होती. "अगं शांत हो, बाई. देवाचं नाव घे. असं काही नसतं." पण तिचाच आवाज कापत होता. पुठ्ठेवाल्याने कटर आणला. पहिली पट्टी ताडकन तुटली आणि थप्पी फुलून अंगावर आली. मी गुडघ्यांवर बसून एकेक पुठ्ठा उलटत होते. आयुष्यात कधी इतकं हळू आणि इतकं भराभर काही केलं नाही. प्रत्येक पुठ्ठा उलटताना वाटायचं, नको, आता नको. आणि उलटून झाला की पुढचा. दुसरी थप्पी. तिच्यात ओला डाग दिसला. मी त्याला हात लावला, नाकाशी नेला. फळांचा रस. मला माहीत होतं की मी तिला हाक मारायला हवी, पण नाव तोंडातून निघेना.

"बाजूला व्हा जरा, बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "एवढं एक टाकू द्या. रस्त्यात पडून राहिलंय."

रॅक ठोकणारा मिस्त्री होता. भुवयांपर्यंत भुशाने माखलेला, कानावर पेन्सिल. एक लांबलचक चपटं खोकं तो उलटा चालत ओढत आणत होता. "हां, उचल, उचल, शाब्बास," तो कोणालातरी सांगत होता. "वळव आता. माझा छोटा मिस्त्री बघा, मघापासून स्क्रू देतोय हातात. एक चुकला नाही."

खोक्याचं दुसरं टोक दोन एवढ्याशा हातांनी धरलं होतं. खिसे स्क्रूंनी फुगलेले. गालावर भुसा. मला बघून तिने खोकं सोडलं नाही, नुसतं हसली. कामात असलेलं माणूस हसतं तशी.

मी तिला कशी उचलली, ते आठवत नाही. आठवतो तो खिशांतून सांडणाऱ्या स्क्रूंचा आवाज, आणि तिच्या मानेला येणारा लाकडाचा वास. मी तिला मारलंही असेल. पापे घेतले, मारलं, पुन्हा पापे घेतले. ती बावरून मिस्त्रीकडे बघत होती.

"हे…" मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "हे तुमचं पोर? अहो, मला वाटलं स्टाफपैकी कोणाचा मुलगा. माझ्याच शेजारी होतं हो, तिकडे टोकाला, बाप्यांच्या सामानापाशी. म्हणजे ही…?"

"हीच," चष्मेवाली म्हणाली आणि मटकन खोक्यांवर बसली. "हीच ती."

"अरे देवा." तो खरंच हादरला होता. "तिघंजण येऊन गेले तिथून. तुमचेच, दुकानातले. एकाने तर वाकून हिलाच विचारलं, 'काय रे छोट्या, एक मुलगी दिसली का इकडे?' हिने मान हलवली, नाही म्हणून. मग मी पण विचारलं. म्हटलं, 'पोरांची नजर तेज असते, बघ बरं कुठे दिसते का.' हिने खाली वाकून सगळ्या रॅकखाली बघितलं. मी म्हटलं, 'बघ बाबा, मुली अशा हरवतात. तू मात्र माझ्याजवळच थांब.'" त्याने माझ्यापुढे हात जोडले. "बाई, एक शब्द बोललं नाही हो पोर. नुसती मान."

त्याला काय बोलणार? त्याने तिला जवळ ठेवली होती. त्याच्या पायाशी ती सुखरूप होती, सगळ्या दुकानासमोर, भरदिवसा, दिव्यांखाली.

सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला, तो पटकन काढला, मग माझ्याकडे बघून, "घरी जा आज," एवढंच म्हणाल्या. उद्याचं उद्या. माईकवर घोषणा झाली, हरवलेली मुलगी सापडली आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. कुठेतरी दोन-चार टाळ्या वाजल्या. पुठ्ठेवाल्याने मशीन परत चालू केलं. लोक आपापल्या गल्ल्यांत परतले. एक बाई ट्रॉली ढकलत विचारत होती, मुलीच्या वह्या कुठल्या बाजूला, आणि कोणाचातरी हात उठला.

मी भिंगरीला घेऊन मागच्या पायरीवर बसले. माझ्या हातांवर पुठ्ठ्यांच्या कडांनी बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. त्या बघून ती त्यांवर फुंकर घालत होती. आता, आम्ही दोघीच असल्यावर, तिच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"आई, मी खूप शोधली तिला."

"कोणाला गं?"

"ती मुलगी. माईकमधली. रॅकखाली पाहिलं, मोठ्या डब्यामागे पाहिलं. माझ्यासारखाच फ्रॉक आहे ना तिचा? गुलाबी. आणि दोन वेण्या." तिने माझ्या तळव्यावर आणखी एक फुंकर घातली. "कुठेच नव्हती."

"सापडली ना राणी. आत्ता सांगितलं की माईकवर."

"पण मला तर दिसली नाही. तुला दिसली?"

मी तिच्या गालावरचा भुसा पुसला. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती.

"मग सगळ्यांनी शोधायचं का थांबवलं, आई?"